अंडं नसलं तरी ब्रेड फुगतो

खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा खंडाळा (लोणावळ्याजवळचा नव्हे, सातारा जिल्ह्यातला) बेकिंगसाठी फार सोयीचा आहे. सातारी आलं, गूळ, केळी, खपली गहू आणि पलीकडून सांगलीचे बेदाणे, सगळं हाताशी. एवढ्या सामानात उत्तम क्विक ब्रेड होतो. यीस्टऐवजी सोडा किंवा बेकिंग पावडरवर फुगणारा, मिश्रण आंबवत न ठेवता लगेच भाजायचा ब्रेड म्हणजे क्विक ब्रेड. बनाना ब्रेड हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. तरीही घरात कुणी व्हीगन असलं, किंवा लेकराला अंड्याची ॲलर्जी असली, की लगेच ऐकू येतं: अंड्याशिवाय केलास तर दगड होईल.

ही समजूत स्पंज केकवरून आली आहे. तिथे अंडी भरपूर फेटतात, त्यांच्या फेसात हवा कोंडली जाते आणि केक फुगतो. क्विक ब्रेडमध्ये अंडं नुसतं ढवळून घालतात. त्याला फुगवतो तो सोडा आणि आंबट पदार्थ यांच्या संयोगातून निघणारा कार्बन डायऑक्साइड. मग अंडं करतं काय? कवचाविना साधारण 50 ग्रॅमच्या अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅम स्निग्धांश. प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन वायूचे बुडबुडे धरून ठेवतात, बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव ठेवतं. म्हणजे आपल्याला बदली शोधायची ती ओलाव्याची आणि बांधून ठेवण्याच्या कामाची. गव्हातलं ग्लुटेन आणि स्टार्च त्यातलं बरंच काम आधीच करत असतात.

अंड्याशिवाय भाजणं ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे, असंही म्हणतात. कोकणातलं धोंडस आठवा. तांदळाचा रवा, काकडीचा कीस, गूळ आणि नारळ हे सगळं पातेल्यात घालून खाली-वर निखारे ठेवून भाजतात. त्यात अंडं कधीच नव्हतं. तूप टाळून तेल वापरलं तर ते पूर्ण व्हीगन होतं. तिकडे ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात अंडी रेशनवर गेली, तेव्हा सोडा आणि व्हिनेगर घालून बिनअंड्याचे केक घरोघर होऊ लागले.

‘एगलेस म्हणजेच व्हीगन’ हा गैरसमज मात्र खरोखर त्रासाचा. आपल्याकडच्या बहुतेक एगलेस केकमध्ये दही, कंडेन्स्ड मिल्क किंवा लोणी असतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारासाठी आहे, दूध त्याला चालतं. व्हीगन पदार्थांसाठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 साली वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं. मधही व्हीगन नाही. आणि ज्याला दुधाची ॲलर्जी आहे, त्याला एगलेस केक बिनघोर देऊ नका.

आता बदली. जवसाची पूड मला सगळ्यात भरवशाची वाटते. एका अंड्यासाठी एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. सालीतला चिकट द्रव पाण्यात उतरतो आणि तोच मिश्रण बांधतो. अख्खं जवस टाकून हे होत नाही, दळायलाच हवं. पिकलेलं अर्धं केळंही एका अंड्याच्या जागी चालतं, मात्र त्याची चव आणि गोडी ब्रेडमध्ये उतरणारच. काबुली चणे शिजवलेल्या दाट पाण्याचाही सध्या बोलबाला आहे. ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेसाळतं, हे 2014 साली जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवून दिलं, आणि पुढच्या वर्षी त्या पाण्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव मिळालं. पुरणाच्या डाळीचा कट काढणाऱ्या घरांना डाळीच्या पाण्यावरचा फेस नवा नाही. पण क्विक ब्रेडला फेसाची गरजच नसते. ते पाणी मेरँगसाठी ठेवा, इथे जवस पुरे.

सगळ्यात जास्त ब्रेड बिघडतात ते सोड्यापायी. अंडं नाही, मग सोडा दुप्पट घालू, असं वाटतं. जादा सोड्याला पुरेसं आंबट मिळालं नाही की तो तसाच उरतो आणि ब्रेड साबणासारखा लागतो. फाजील वायूने मिश्रण आधी भरभर वर येतं आणि मध्येच खचतं. अंड्याचा पिवळा रंग यावा म्हणून चिमूटभर हळद घालणाऱ्यांना याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. सांगलीच्या बाजारपेठेतली अस्सल हळद असली, तरी सोडा जास्त झाला की ती लालसर होते. ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात तेही यामुळेच. हळद भेसळीची असल्याचं ते लक्षण नव्हे. गूळ थोडा आम्लधर्मी असतो खरा, पण तेवढ्यावर भागत नाही, लिंबाचा रस हवाच. महाबळेश्वर-पाचगणीच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने वायू अधिक प्रसरण पावतो, तिथे सोडा जरा हात राखून घाला.

माझं प्रमाण असं: दोन कप कणीक, एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा सोडा, पाऊण कप किसलेला गूळ, दोन कुस्करलेली केळी, एका अंड्याएवढं भिजवलेलं जवस, पाव कप तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, किसलेलं आलं, मूठभर बेदाणे आणि लागेल तसं पाणी. कोरडं आणि ओलं वेगवेगळं मिसळून शेवटी एकत्र करायचं. इथे ‘जितकं फेटाल तितकं हलकं’ हे साफ चूक आहे. जास्त ढवळल्याने ग्लुटेन ताणलं जातं आणि ब्रेड चिवट होतो. पीठ दिसेनासं झालं की थांबा. खपलीचं ग्लुटेन मुळात नाजूक, तिची कणीक घेतलीत तर अधिकच हलक्या हाताने. सोडा ओला होताच वायू सुटू लागतो, म्हणून मिश्रण लगेच भाजायला ठेवा.

ओव्हन नाही म्हणून अडू नका. कुकरची शिटी आणि रिंग काढून तळाशी मीठ पसरा, वर जाळी ठेवा, दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास भाजा. ओव्हन असेल तर 180 अंश.

जवस अंड्याचं काम करतं, पण त्याच्याइतकी प्रथिनं देत नाही. ती डाळी-उसळींतून मिळवा. आणि भाजून झालेला ब्रेड लगेच कापू नका. गरम असताना आतलं स्टार्च बसलेलं नसतं, सुरीला चिकटलेला गाभा पाहून तो कच्चा राहिला असं वाटतं आणि दोष अंडं नसण्यावर जातो. तासभर निवू द्या, मग कापा.