निवडलेल्या मुलाची आई

आपल्याकडे बारावीचा निकाल लागला, की आई-वडील फाइल काखेत मारून कॉलेजच्या खिडकीपुढे उभे राहतात. फॉर्म, झेरॉक्स, डोनेशन आणि ‘साहेब जेवायला गेलेत, नंतर या!’ पण मैत्रिणींनो, कॉलेजच आपल्या घरी आलं तर? मोठ्या कॉलेजचा माणूस आपल्या बैठकीत बसून ‘मुलगा आमच्याकडे पाठवा’ म्हणून विनवू लागला तर?

अमेरिकेत शाळेत उत्तम बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत असं घडतं. पत्रांचे ढीग येतात, फोन येतात, कॉलेजचे प्रशिक्षक घरी येतात. फी, राहणं, जेवण सगळं माफ. बदल्यात मुलाने त्यांच्या संघातून खेळायचं.

मला हे कळलं माझ्या मुलामुळे. एका रविवारी त्याने मला बळंच बसवून ‘ही गॉट गेम’ हा १९९८ चा सिनेमा दाखवला. दिग्दर्शक स्पाइक ली. त्यातला जीझस शटल्सवर्थ हा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधला शाळकरी खेळाडू. सगळ्या देशाचं लक्ष त्याच्यावर. कुठल्या कॉलेजला जायचं हे ठरवायला थोडेच दिवस उरलेत आणि नातेवाईक, प्रशिक्षक, एजंट, मैत्रीण, सगळ्यांना त्याच्या सहीत आपला वाटा हवाय. बाप तुरुंगात. पोराला गव्हर्नरच्या आवडत्या विद्यापीठाकडे वळव, म्हणून त्याला आठवडाभर बाहेर सोडलंय. आणि आई? ती बापाच्याच हातून गेलेली. धाकट्या बहिणीला हाच सांभाळतो.

सिनेमा संपल्यावर मी म्हटलं, ‘‘याची आई असती तर?’’ मुलगा म्हणाला, ‘‘मग तुला दुसरा दाखवतो. तो खरा आहे.’’

तो होता ‘हूप ड्रीम्स’. १९९४ सालचा, जवळजवळ तीन तासांचा माहितीपट. शिकागोच्या गरीब वस्त्यांतली दोन कृष्णवर्णीय मुलं, आर्थर एजी आणि विल्यम गेट्स. स्टीव्ह जेम्स आणि त्याचे सोबती सुमारे पाच वर्षं कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे फिरले. दोघांचाही खेळ बघून उपनगरातल्या एका खासगी कॅथलिक शाळेने त्यांना घेतलं. जायला-यायला रोजचे तीन तास. पोरं चौदा वर्षांची! पण स्वप्न मोठं होतं. याच शाळेतून आयसाया थॉमससारखा खेळाडू निघाला होता.

विल्यमच्या फीची सोय एका श्रीमंत बाईंनी केली. आर्थरला मात्र अर्धीच सवलत. आई-वडिलांच्या नोकऱ्या गेल्या, फी थकली आणि दुसऱ्या वर्षी मुलाला शाळा सोडावी लागली. त्याच्या खेळाकडून शाळेला जी आशा होती तीही तोवर ओसरली असावी, असं बघताना वाटत राहतं. पुढे वस्तीजवळच्या सरकारी शाळेत शिकत असताना कळलं, की थकबाकी भरल्याशिवाय जुन्या शाळेतल्या शिक्षणाचे कागद मिळणार नाहीत. शेवटी हप्ते बांधून घ्यावे लागले.

आर्थरच्या आईचं नाव शीला. पाठीच्या दुखण्याने तिचं काम सुटलेलं. नवरा व्यसनापायी घराबाहेर. सरकारी मदत महिन्याला २६८ डॉलर. घरची वीज आणि गॅस तोडलेला. कॅमेऱ्यासमोर ती सरळ विचारते, एवढ्या पैशात मी मुलं कशी जगवते, हा प्रश्न तुम्हाला पडतो का? बाई, तिथे माझे डोळे खाली गेले. कारण तोवर मी आर्थरच्या गोलांकडेच बघत होते.

आर्थरला अठरा वर्षं पूर्ण होतात, तेव्हा ती केक करते. आनंद कशाचा, तर पोरगा अठरापर्यंत जगला याचा! आणि त्याच शीलाने नर्सच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, वर्गात पहिली आली. छोटासा समारंभ, पण ती लहान मुलीसारखी रडते. तीन तासांच्या सिनेमात मला सर्वांत मोठा विजय तोच वाटला.

विल्यमच्या आईची, एमाची, गोष्ट वेगळी. थोरला मुलगा कर्टिसही चांगला खेळाडू, पण त्याचं काही जमलं नाही. तिची सगळी आशा मग धाकट्यावर. त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, तरी मार्केट विद्यापीठाने त्याला घेतलं. आर्थर आधी मिसुरीतल्या दोन वर्षांच्या कॉलेजात आणि मग आर्कान्सा स्टेट विद्यापीठात गेला. एनबीए या व्यावसायिक स्पर्धेपर्यंत दोघांपैकी कुणीच पोचलं नाही. विल्यम पुढे धर्मोपदेशक झाला. दोघांचं शिक्षण मात्र कामी आलं.

तिकडे शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतला जेमतेम एक पहिल्या श्रेणीच्या कॉलेजात खेळतो. त्या काळी शिष्यवृत्ती एका वर्षाचीच असे, दर वर्षी नव्याने मिळवायची. २०१२ पासून अनेक वर्षांची एकदम देण्याची मुभा मिळाली. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवू शकतात आणि २०२५ पासून कॉलेजंही थेट पैसे देऊ लागली. मुलींसाठी दार उघडलं ते १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने. आज बास्केटबॉलवर शिकणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत. पण पैसा वाढला, तशी सहीसाठी टपलेली माणसंही वाढली असणार.

हे सगळं मी का सांगतेय? आर्थरचे कागद अडले, तेव्हा मला एक मुलगी आठवली. आमच्या मंडळाने तिच्या वसतिगृहाच्या फीसाठी एक दाते मिळवून दिले होते. मीच मध्ये होते. सत्कार झाला, फोटो छापून आला. दुसऱ्या वर्षी दात्यांनी हात आखडता घेतला. फी थकली आणि शाळेने दाखला अडवला. तिच्या आईने कानातलं मोडलं. मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागलं. कारण ‘किती वर्षं देणार?’ हा साधा प्रश्न मी दात्यांना विचारला नव्हता. मोठी माणसं, विचारायचं कसं, असं वाटलं होतं.

मैत्रिणींनो, आपल्या मुलाला किंवा मुलीला कुणी निवडलं, मग ते खेळासाठी असो, क्लाससाठी असो की नोकरीसाठी, आनंद जरूर माना. पण पेढा तोंडात घालण्याआधी विचारा: हे किती वर्षांसाठी? मूल आजारी पडलं, दुखापत झाली तर? मध्येच थांबलं तर कागद आणि पैसे कुणाकडे? आणि उत्तर लेखी घ्या. यात उद्धटपणा काही नाही. शीलाला हे विचारायची संधी कुणी दिलीच नाही.

आता आमच्याकडे दाते आले, की मी आधी कागद पुढे करते. चहा नंतर. एक-दोघं रागावून गेले. जे थांबले, त्यांच्या मुली आज शिकतायत.