आगमनकाळ : जागेपणी वाट पाहणे

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ ही केवळ सणाची तयारी नव्हे. १६ डिसेंबरपर्यंतची उपासना प्रामुख्याने प्रभूच्या पुनरागमनाकडे, तर १७ तारखेपासून त्याच्या जन्माकडे आपले लक्ष वेधते.

गोदाकाठच्या गंगाखेड परिसरातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. मागे राहिलेले वृद्ध आईवडील हंगाम संपेपर्यंत त्यांची वाट पाहतात. परंतु ते स्वस्थ बसत नाहीत. नातवंडांना सांभाळतात, गुरांचे चारापाणी करतात. ख्रिस्ती आशाही अशीच कर्तव्यतत्पर असते.

पवित्र मरिया व संत योसेफ हेही वाटसरूच होते. बेथलेहेमात त्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही. म्हणून बंधुभगिनींनो, आगमनकाळाची प्रत्येक मेणबत्ती पेटविताना एखाद्या एकाकी वृद्धाचे दार ठोठावू या. येणाऱ्या प्रभूचे स्वागत तेथूनच सुरू होते.