तारेचा क्रमांक आणि तारेची जाडी

शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या इमारतीत वीज घ्यावयाचे ठरले की दरपत्रके मागविली जातात. एकात ‘3/22’ असे लिहिलेले असते, दुसऱ्यात ‘3/20’, तर तिसऱ्यात ‘दीड चौरस मिलिमीटर’. ‘बावीस नंबरची तार वीस नंबरपेक्षा भारी, तीच घ्यावी’, असा आग्रह एका सभेत धरला गेल्याचे प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. आग्रह प्रामाणिक होता, हिशेब मात्र उलटा होता.

तारेचा क्रमांक वाढतो तसतशी तार बारीक होत जाते. या उफराट्या रीतीचे मूळ तार ओढण्याच्या धंद्यात आहे. धातूची कांब एकाहून एक लहान छिद्रांतून ओढून तार तयार होते. जितक्या अधिक वेळा ओढावी, तितका क्रमांक मोठा. पूर्वी कारखान्यागणिक क्रमांक वेगळे असत. तो गोंधळ मिटविण्यासाठी ब्रिटनने 1883 मध्ये एक प्रमाण श्रेणी कायम केली आणि तीच आपल्याकडे रूढ झाली. तिच्यात 18 क्रमांकाच्या तारेचा व्यास 1.22 मिलिमीटर, 20 चा 0.91 आणि 22 चा 0.71 आहे. अमेरिकेची श्रेणी निराळी. तेथील 18 क्रमांकाची तार 1.02 मिलिमीटरच भरते.

‘3/22’ म्हणजे 22 क्रमांकाच्या तीन तारांचा पीळ. वीज वाहून नेण्याची तारेची शक्ती व्यासापेक्षा छेदाच्या क्षेत्रफळावरून कळते, आणि व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते. ‘3/22’ चे क्षेत्रफळ सुमारे 1.2 चौरस मिलिमीटर, तर ‘3/20’ चे जवळजवळ 2. दशमान पद्धतीत हेच क्षेत्रफळ सरळ लिहिले जाते. तेथे मोठा आकडा म्हणजे जाड तार.

हा फरक केवळ कागदावरचा नव्हे. मीटरपासून 100 मीटरवरील विहिरीच्या पंपाला 10 अँपिअर वीज न्यावयाची आहे असे समजू. जाण्यायेण्याची मिळून तार 200 मीटर झाली. तांब्याची एक चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास सुमारे 34 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, अडीचची वापरल्यास 14. दाब घटला की मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते. तारेतील उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट, मग वेष्टन मऊ पडते आणि आगीला निमित्त मिळते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असल्याने त्याची तार त्या मानाने जाड घ्यावी लागते.

माल ताब्यात घेताना वेष्टनाच्या जाडीवर जाऊ नये. वेष्टन जाड आणि आत तार किडकिडीत, असेही आढळते. टोकाचे वेष्टन सोलून आतील तारा मोजाव्यात व एकीचा व्यास सूक्ष्ममापीने पाहावा. व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले तारांची संख्या, इतकेच गणित. 0.3 मिलिमीटरच्या 22 तारा असतील तर उत्तर 1.55 येते, म्हणजे दरपत्रकातील ‘दीड’ खरे.