स्कॉन कीं स्कोन?

इंग्रजीच्या तासाला वाचन चाललें असतां कधीं कधीं एखादा शब्द असा येतो कीं, एक विद्यार्थी तो एका तऱ्हेनें वाचतो, दुसरा दुसऱ्या तऱ्हेनें, आणि मागल्या बाकांवर हंशा पिकतो. हंसणारांची समजूत अशी कीं, प्रत्येक इंग्रजी शब्दाचा खरा उच्चार एकच, आणि तो ज्यास येत नाहीं तो अडाणी. ह्या समजुतीपायीं कित्येक चांगलीं मुलें वर्गांत तोंड उघडीनाशीं होतात. म्हणून आम्हीं आज एका साध्या खाद्यपदार्थाचें नांव विचारास घेतलें आहे. त्या नांवाबद्दल खुद्द इंग्रजांचेंच एकमत नाहीं.

हा पदार्थ आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला नसेल. मैद्यास लोणी चोळून त्यांत थोडी साखर, बेकिंग पावडर व दूध घालतात आणि हलक्या हातानें गोळा करितात. फार मळल्यास पदार्थ चिवट होतो. मग सुमारें पाऊण इंच जाडीच्या वाटोळ्या चकत्या कापून भट्टींत भाजावयाच्या. त्याचें मूळ स्कॉटलंडांत. गॅव्हिन डग्लस ह्या कवीनें 1513 सालीं व्हर्जिलच्या महाकाव्याचें स्कॉट भाषेंत भाषांतर केलें, त्यांत हा शब्द आढळतो. जुना पदार्थ मात्र ओटच्या पिठाचा, पातळ आणि लोखंडी तव्यावर भाजलेला असे. आपल्या भाकरीचा दूरचा आप्तच म्हणाना! 1843 सालीं आल्फ्रेड बर्ड नांवाच्या औषधविक्यानें बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीस यीस्ट सोसत नसे. पुढें ह्या पावडरीनेंच तो फुगीर झाला.

आतां उच्चाराकडे वळूं. एक पक्ष ‘स्कॉन’ म्हणतो, दुसरा ‘स्कोन’. स्पेलिंगवरून निवाडा करूं म्हटलें तर तें दोन्हीं पक्षांचा साक्षीदार! ‘बोन’, ‘स्टोन’, ‘टोन’ हे शब्द दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें उभे राहतात, तर त्याच घडणीचे ‘गॉन’ आणि ‘शॉन’ पहिल्याच्या. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनीं ह्याचा नकाशाच काढला आहे. स्कॉटलंडांत व इंग्लंडच्या उत्तर भागांत बहुतेक सर्वत्र ‘स्कॉन’. आयर्लंडच्या दक्षिणेस व इंग्लंडच्या मध्यभागीं ‘स्कोन’. इतर ठिकाणीं सरमिसळ. प्रत्येक पक्ष दुसऱ्यास, ‘तुम्ही उगाच ऐट करितां,’ असें म्हणतो, हें विशेष. ऑक्सफर्डच्या कोशांत मात्र दोन्ही उच्चार दिलेले आहेत.

गंमत अशी कीं, ह्याच स्पेलिंगचें एक गांव स्कॉटलंडांत पर्थ शहराजवळ आहे, आणि त्याचा उच्चार ‘स्कून’! स्कॉट राजांचा राज्याभिषेक ज्या शिळेवर होत असे ती तेथली. 1296 सालीं पहिल्या एडवर्डनें ती वेस्टमिन्स्टरला नेली; 1996 सालीं ती स्कॉटलंडास परत मिळाली व 2024 पासून पर्थच्या संग्रहालयांत आहे.

उच्चार मिटला तरी पानावरचा तंटा उरतोच. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन व कॉर्नवॉल हे शेजारी परगणे. मधून टामार नदी वाहते. दोहोंकडे हा पदार्थ चहाबरोबर, आडवा चिरून, जॅम व ‘क्लॉटेड क्रीम’ लावून खातात. हें क्रीम म्हणजे एका प्रकारची सायच. उथळ भांड्यांत मंद आंचेवर तापवून सावकाश निवविली कीं तिचे दाट थर जमतात. कॉर्नवॉलच्या सायींत शेंकडा 55 तरी स्निग्धांश असावाच लागतो. डेव्हनकर आधीं साय लावून वर जॅम ठेवितात. त्यांचें म्हणणें, साय ही लोण्याच्या जागीं आहे, आणि लोणी नेहमीं तळाशींच असतें. कॉर्नवॉलकर जॅम आधीं लावितात; ऊन पदार्थावर साय घातली तर ती वितळेल, शिवाय उत्तम वस्तु वर दिसावी, हा त्यांचा मुद्दा. आमच्या मतें पहिला युक्तिवाद अधिक रेखीव आहे, पण दुसरा अधिक खाणाऱ्याचा आहे.

डेव्हनमधील टॅव्हिस्टॉकचे लोक आणखी पुढें जातात. इ. स. 997 मध्यें तेथील मठ व्हायकिंगांनीं लुटला. तो पुन्हां उभारणाऱ्या कामकऱ्यांस तेथल्या संन्याशांनीं पाव, साय व मुरांबा खाऊं घातला, असा त्यांचा दावा आहे. त्या काळीं इंग्लंडांत साखर कोठली, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

2018 च्या मार्चमध्यें कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक ह्या जुन्या वाड्याच्या जाहिरातींत साय खालीं व जॅम वर, असें चित्र छापलें गेलें. लोकांनीं एवढा गहजब केला कीं, व्यवस्थापकांस क्षमा मागावी लागली. अर्थात् मागणाऱ्यांच्या व देणाऱ्यांच्या दोघांच्याही ओठांवर हसूं होतें. दोन्ही परगण्यांतील चहाच्या दुकानांत बहुधा जॅम व साय निरनिराळ्या वाट्यांत आणून ठेवितात. सुरी गिऱ्हाइकाच्या हातीं.