शेवटचं कार्ड

शाळेजवळच्या दुकानात पूर्वी चिंचा, बोरं आणि लिमलेटच्या गोळ्यांच्या बरण्या असायच्या. आता दारातच चकचकीत पाकिटांच्या माळा लटकतात. त्यात खाऊ नसतो बरं का, असतात कार्डं! पोकेमॉनची, कुस्तीवाल्या पैलवानांची, क्रिकेटच्या खेळाडूंची. आपल्या श्रीगोंद्यातल्या पोरांना चाचणी परीक्षा कधी ते विचारा, डोकं खाजवतील. पण दुकानात कार्डांचा ‘नवा माल’ कधी येणार, ते मात्र तोंडपाठ!

बचत गटाच्या बैठकीत मागे हाच विषय निघाला. एक ताई म्हणाली, “डाळीच्या डब्यातले सुटे पैसे कमी होत होते. मला वाटलं, मीच मोजायला चुकते. मग दप्तर झटकलं तर ही एवढी गड्डी! चुलीतच घालणार होते.” दुसरी म्हणाली, “अगं, पत्तेच ते. आज चित्रं, उद्या जुगार.” कोपऱ्यातल्या आजी मात्र हसत होत्या. “आमची पोरं काडेपेटीचे छाप गोळा करायची, गटारीत हात घालून!” चर्चा तिथंच थांबली, कारण हप्त्याचा हिशोब बाकी होता. पण माझ्या डोक्यातून ती गड्डी काही जाईना.

हे वेड आलं कुठून? पोकेमॉनची कार्डं जपानची, १९९६ सालची. पण जपानी आयांच्या डोक्याला हा ताप त्याच्याही खूप आधीपासून आहे. तिथं काल्बी नावाची खाऊ बनवणारी कंपनी आहे. १९७१ मध्ये तिने टीव्हीवरच्या ‘कामेन रायडर’ या मुखवट्यावाल्या वीराचं कार्ड खाऊच्या पुड्याबरोबर द्यायला सुरुवात केली. पुडा २० येनचा. पोरं तुटून पडली! पुडे घ्यायचे, कार्ड काढायचं आणि खाऊ फेकून द्यायचा. रस्त्याकडेला, कचऱ्यात न फोडलेले पुडे सापडायला लागले. युद्धानंतरची उपासमार पाहिलेल्या पिढीला अन्नाची ती नासाडी कशी पाहवली असेल? वर्तमानपत्रांतून ओरड झाली, शाळांनी तक्रारी केल्या.

कंपनी शहाणी. १९७३ मध्ये तिने बेसबॉलच्या खेळाडूंची कार्डं काढली. आपल्याकडे क्रिकेट तसं तिकडे बेसबॉल. पहिल्या नंबरचं कार्ड होतं शिगेओ नागाशिमा यांचं. तोक्योच्या जायंट्स संघाचे हे लाडके खेळाडू, त्यांच्याकडचे गावसकरच म्हणा ना. पुढे गोड खाऊ जाऊन बटाट्याचे वेफर्स आले, पण कार्ड राहिलं ते आजतागायत. वेफर्सच्या पाकिटाला मागे एक छोटी पुडी चिकटवलेली असते, कार्ड त्यात.

आणि हे वेळापत्रकाने चालतं. मार्चअखेरीला बेसबॉलचा हंगाम सुरू होतो, त्या सुमारास वेफर्सवाल्या कार्डांची पहिली मालिका, उन्हाळ्यात दुसरी, हंगाम संपत आला की तिसरी. बेसबॉलचं मासिक छापणाऱ्या एका प्रकाशनाची कार्डं १९९१ पासून निघतात. त्यांची नव्या भरतीच्या खेळाडूंची मालिका हंगामाच्या आधीच येते, मग वसंतात मोठी, मग पुन्हा उन्हाळ्यात. अमेरिकेच्या टॉप्स कंपनीनेही २०२१ पासून जपानच्या खेळाडूंची कार्डं काढली. कुठली मालिका कोणत्या तारखेला, त्यात किती कार्डं, सोनेरी सहीची किती, हे सगळं आधी जाहीर होतं आणि लोक दुकानात नाव नोंदवून ठेवतात. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी आपण करतो ना, अगदी तसं. शोहेई ओतानी हा आज अमेरिकेत गाजणारा खेळाडू २०१३ मध्ये जपानमध्ये नवखा होता. त्याची त्या वर्षीची कार्डं ज्यांनी जपून ठेवली, ते आज भाग्यवान!

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. माझ्या वयाच्या मैत्रिणींना ‘बिग फन’ आठवतंय? ८७ च्या विश्वचषकाच्या सुमाराची ती बबलगम. आत क्रिकेटवाल्याचं चित्र, त्यावर रन नाहीतर विकेट छापलेल्या. ठरावीक रन जमले की बक्षीस. गम चघळून जबडा दुखायचा, पण रन काही पुरे व्हायचे नाहीत!

का व्हायचे नाहीत, यातच खरी गोम आहे. मी एकदा माझ्या गणिताच्या शिक्षक असलेल्या दिरांना विचारलं, “भावजी, वीस प्रकारची कार्डं आहेत, एका पाकिटात एक, सगळी सारख्याच संख्येने छापलीत. तर वीसही जमायला किती पाकिटं लागतील?” मला वाटलं तीस, फार तर चाळीस. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं : सरासरी ७२! पहिली दहा वेगळी कार्डं तेरा-चौदा पाकिटांतच मिळतात, म्हणून पोराला वाटतं, झालंच की आता. उरलेल्या दहांना मग अठ्ठावन्न-एकोणसाठ पाकिटं लागतात. आणि अगदी शेवटचं एकच राहिलं असेल, तर त्या एकट्यासाठी सरासरी वीस. दहा रुपयांचं पाकीट धरलं तर त्या एका चित्राचे दोनशे रुपये, आणि सगळ्या संचाचे सातशे वीस. हेसुद्धा सगळी कार्डं सारखी छापली तर! कंपनी त्यातली दोन-तीन मुद्दाम कमी छापते, मग तर विचारूच नका.

जपानमध्ये ‘ही सगळी चित्रं जुळव आणि मग बक्षीस घे’ अशा विक्रीला कायद्यानेच बंदी आहे. मोबाइलवरच्या खेळांनी तीच युक्ती चालवली, तेव्हा २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्याने त्यांनाही तो नियम लागू असल्याचं सांगितलं. पाकिटातून काय निघेल ते कळू न देता विकायला मात्र तिथंही मुभा आहे, आणि आपल्याकडेही या पाकिटांवर कुणाचं लक्ष दिसत नाही. आपल्या दुकानांतली सोनेरी पोकेमॉन कार्डं तर बहुतेक नकलीच असतात. ‘पुढे लाखाला जातील’ असं पोरं एकमेकांना सांगतात, पण नकलेला कुठला आलाय भाव?

लाखाचं हे खूळ मात्र अगदीच हवेतलं नाही. मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचं १९५२ चं एक कार्ड २०२२ च्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. रुपयांत शंभर कोटी! इतकं का? कारण ते उरलंच नाही. त्या मालिकेतली न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात बुडवली, असं खुद्द कंपनीच्याच माणसाने सांगून ठेवलंय. आणि घरोघरची? ती आयांनी रद्दीत टाकली. “आईने माझी कार्डं फेकली” ही अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची कायमची तक्रार आहे म्हणे. आपण बायका जगभर सारख्याच आवराआवर करतो! पण सगळ्याच आयांनी जपून ठेवली असती, तर त्या कार्डाला कुणी विचारलंही नसतं. आज लाखांनी छापलेली, लाखांनी जपलेली कार्डं उद्या महाग होतील, या भरवशावर कुणी एक रुपयाही घालू नये.

चुलीत घालायला निघालेल्या ताईला मी पुढच्या बैठकीत ते बहात्तरचं गणित सांगितलं आणि म्हटलं, मुलाच्या हातूनच मांडून घे. वीस चिठ्ठ्या कर, डब्यात घाल, एक काढायची, नाव लिहायचं, पुन्हा डब्यात टाकायची. वीसही नावं येईपर्यंत किती वेळा हात घालावा लागतो ते त्यालाच मोजू दे. तिच्या मुलाने केलं. चौऱ्याऐंशी वेळा! चोरून पैसे घेतल्याबद्दल त्याला जे बोलायचं ते तिने वेगळं बोलून घेतलं, ते गणितात मिसळलं नाही, हे मला फार आवडलं.

आता त्याला आठवड्याला एक पाकीट, तेही सांगून. बाकी सगळं अदलाबदलीवर. दोनदा आलेली कार्डं देऊन नसलेली घ्यायची, पैसे लावून डाव खेळायचा नाही. गल्लीतल्या आठ-दहा पोरांनी रविवारी सकाळी मारुतीच्या ओट्यावर बसून हाच बाजार मांडलाय. एका पैलवानाला दोन फलंदाज, असा भाव चालतो. दोन मुलीही येतात, आणि घासाघीस करण्यात त्याच सगळ्यांत तयार आहेत. ताईच्या मुलाची सतरा झालीत. उरलेल्या तिनांपैकी एक काष्टीच्या मावसभावाकडे आहे, त्याच्याशी शनिवारच्या बाजाराला सौदा ठरलाय.