छात्रालयातून कादंबरीकडे

साने गुरुजींचा, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडचा. पण त्यांना ‘गुरुजी’ केले ते खानदेशाने. तत्त्वज्ञानाच्या ओढीने ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे शाळेचे छात्रालयही त्यांच्याकडे आले. घर सोडून शिकायला आलेल्या या मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे, कंदिलाच्या काचा पुसणे ही कामे गुरुजी मुकाट्याने करीत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिकही चालवीत. कादंबरीकार साने गुरुजी घडले ते इथेच. शाळकरी मुलाला कळेल आणि भिडेल अशी छोटी, बोलती वाक्ये ही याच दैनिकाची कमाई.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातूनच उभे राहिले. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’तील कथा लिहिल्या. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते आणि आईला जाऊन पंधरा वर्षे झाली होती. इतका वेग शक्य झाला, कारण या आठवणी मनात कधीच्याच मुरल्या होत्या. कादंबरीला प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत, एकूण ४२. प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आई सांगतो. छात्रालयातली संध्याकाळच जणू पुस्तकात उतरली आहे. १९३५ साली पुस्तक छापून आले. त्याला रडवे म्हणणारे समीक्षक निघाले, पण गरिबीतही मुलाला ताठ उभे राहायला शिकवणारी ही आई दुबळी नव्हे. पुढे ‘धडपडणारी मुले’, ‘आस्तिक’, ‘क्रांती’ अशा कादंबऱ्या आल्या.

बोलण्यातून पुस्तकाकडे जाणारी ही वाट खानदेशात एकट्या गुरुजींची नव्हती. अमळनेरच्याच जिल्ह्यातल्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणीही आधी बोलली गेली, मग कागदावर आली. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांनीच ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. १९५४ साली या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी नव्हते. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले होते.