मतदार यादीतलं आपलं नाव

मागच्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. महिला मंडळाच्या आम्ही चौघी-पाचजणी मतदार नोंदणीचे फॉर्म भरून द्यायला वॉर्डात घरोघर फिरत होतो. एका घरी सत्तरीच्या आजी ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. "आजी, तुमचं नाव सांगा," मी म्हटलं. त्या मान वर न करताच म्हणाल्या, "लिही की, बापूची आई!"

आम्ही सगळ्याजणी हसलो. घरी आल्यावर मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण याच उत्तरापायी आपल्या देशात लाखो बायकांचं मत एकदा बुडालं होतं. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्या याद्या करताना कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. कुणी 'अमक्याची आई', कुणी 'तमक्याची बायको'. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. हक्क राज्यघटनेने दिला होता, पण तो घ्यायला नाव पुढे आलं नाही.

मैत्रिणींनो, हा हक्क आपल्या पदरात आयता पडलेला नाही. त्यासाठी आपल्याच मुलखातली एक बाई साठीच्या उंबरठ्यावर असताना पुन्हा कामाला लागली होती. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाई आपल्याला 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे घरच्यासारख्या झाल्या. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही मुलगी. माहेरचं नाव यमुना. १८७३ साली अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतलं, पण ते शिकणं सोपं नव्हतं. बाहेर सुधारणा आणि घरात सासरच्या बायकांचे टोमणे! इंग्रजी वाचते म्हणून बोलणी खाल्ली, सभेला गेली म्हणून अबोला सोसला. दोन्हीकडची मनं सांभाळत त्या शिकत राहिल्या. घरातल्याच बायकांचा विरोध काय असतो, हे आपल्यापैकी कितीजणींना वेगळं सांगायला हवं?

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसायचं. रमाबाईही काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. पण १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी त्याच होत्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं. तिथे बायका लिहा-वाचायला शिकल्या, शिवण शिकल्या, शिक्षिका आणि नर्स झाल्या. विधवा बाईने दवाखान्यात परक्या रोग्यांची शुश्रूषा करायची, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

मला वाटतं, मताच्या हक्काची तयारी खरी इथे झाली. जी बाई चार पैसे मिळवते, चारचौघांत उभी राहून बोलते, तिला एक दिवस प्रश्न पडणारच, की शाळा कुठे काढायची, दवाखाना कुठे हवा, हे ठरवताना मला का विचारत नाहीत? १९२० मध्ये पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून चळवळ झाली, तिच्या पुढे रमाबाई होत्या. निर्णय नगरपालिकेच्या हातात आणि तिथे बाईचा आवाज नाही. मतावाचून आपली गाडी अडते, हे त्या दिवसांत पुण्यातल्या बायकांना चांगलंच कळलं असेल.

तिकडे १९१७ मध्येच सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने बायकांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटलं होतं. पण साऊथबरो समितीने नकार दिला. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन बाजू मांडून आल्या. तरी ब्रिटिश पार्लमेंटने निर्णय इथल्या प्रांतांवर ढकलला. मग रमाबाईंनी मुंबई इलाख्यातल्या मोहिमेत पुढाकार घेतला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि त्याच वर्षी मुंबईने बायकांना मताचा हक्क दिला. तीनच वर्षांनी, १९२४ मध्ये, रमाबाई गेल्या.

तो हक्क पुरता नव्हता, हेही सांगायला हवं. मतासाठी शेतसारा, घरभाडं, प्राप्तिकर असल्या अटी होत्या. बायकांच्या नावावर ना शेत ना घर, त्यामुळे मत मिळालं ते मूठभर जणींना. मोलकरीण, शेतमजूर, विडी वळणारी अशा सगळ्यांना ते मिळायला १९५० ची राज्यघटना यावी लागली. पण बाई म्हणून दार बंद ठेवायचं, ही अडसर १९२१ मध्ये निघाली.

आता माझंच सांगते. मी बी.ए. झालेली, पण माझं पहिलं मत मी 'ह्यांनी' सांगितलेल्या चिन्हाला दिलं. जबरदस्ती अजिबात नव्हती. मला विचार करावासाच वाटला नाही! भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी, पाच वर्षांचा निर्णय मात्र न बघता दुसऱ्यावर सोपवून मोकळी झाले. आता तसं करत नाही. आमच्या घरी दोघांची मतं कधी जुळतात, कधी नाही. संसार सुरळीत चालू आहे.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये बायकांना निम्म्या जागा मिळाल्या, तरी कुठे कुठे सरपंचबाईंच्या खुर्चीमागून कारभार नवरा बघतो. कायदा दार उघडतो, आत पाऊल आपणच टाकायचं असतं.

त्या दिवशी आजींपाशी मी ओट्यावरच बसले. शेंगांचं सूप माझ्याकडे ओढून घेतलं आणि पुन्हा विचारलं. त्या लाजल्या, थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "किती वर्षांनी कुणी विचारलं गं!"

मतदानाच्या दिवशी त्या नातसुनेचा हात धरून केंद्रावर आल्या होत्या. बाहेर आल्यावर शाई लागलेलं बोट मला दाखवलं. मी गमतीने विचारलं, "कुणाला दिलंत?"

"ते नाही सांगायचं," आजी म्हणाल्या.